काक्षीवरच्या लेखाच्या लेखकाला काय कळवशील?

प्रिय सुहास,

तू पाठवलेला काक्षीवरचा (म्हणजे मृगातल्या त्या तांबड्या ताऱ्यावरचा, बीटलज्यूजवरचा) लेख दोनदा वाचला. लेखकाला 'लेख आवडला' एवढं कळवून मोकळा होतो, म्हणालास. नको रे. त्या माणसाने इतकं लिहिलंय, आणि तुझ्याकडे तर त्याला सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी लेख कधीचा आहे ते बघ. जानेवारी २०२०. म्हणजे तारा मंदावत होता तेव्हाच लिहिलेला. पुढे फेब्रुवारीत त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप, साधारण १.६ पर्यंत उतरली (एरवी ०.५ च्या आसपास असते; आकडा मोठा तितका तारा मंद) आणि मग तो पुन्हा उजळू लागला. लेखकाला हे तेव्हा ठाऊक असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे 'तुमचं चुकलं' असा सूर लावू नकोस. २०२१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधाने या मंदावण्याचं कारण दिलं: ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू आणि पृष्ठभागाचा थंडावलेला भाग, यांमुळे धूळ तयार झाली आणि तिने ताऱ्याचा काही भाग आपल्यापासून झाकला. तो निबंध वाचलात का, एवढं नुसतं विचारलंस तरी बोलणं पुढे जाईल.

मला खटकलं ते लेखातलं, तारा 'लवकरच स्फोट' पावेल, हे वाक्य. ताऱ्यांच्या हिशेबात लवकर म्हणजे येत्या लाखभर वर्षांत कधीही! नवख्या वाचकाला वाटेल, पुढच्याच आठवड्यात. याबद्दल मात्र स्पष्ट लिही. आणखी एक, प्रतीचा आकडा वाढला की तेज कमी होतं, हे त्यांनी कुठेच सांगितलेलं नाही.

पण खरी मोलाची गोष्ट तुझ्या वहीत आहे. त्या हिवाळ्यात तू काक्षी आणि रोहिणी यांची तुलना करून टिपणं ठेवली होतीस ना? ती तारीख-वेळेसकट दे. रोहिणीही तांबूस, म्हणून तुलनेला बरी. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो आहे त्याहून तेजस्वी भासतो, म्हणून तू ओझरती नजर टाकूनच अंदाज घ्यायचास, तेही सांग. आकाश ढगाळ होतं त्या रात्रींच्या नोंदी गाळ. रूपविकारी (म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांच्या अभ्यासात हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी शंभराहून अधिक वर्षं वापरल्या जातायत. लेख वाचून तुला काय वाटलं याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व आहे, तू काय पाहिलंस ते आधी येऊ दे.

सगळं एकाच पत्रात कोंबू नकोस. वहीतली टिपणं आणि एखादा प्रश्न, बास. प्रतीचा मुद्दा राहिला तरी चालेल.

मसुदा झाला की मला पाठव. शुद्धलेखन मी बघणार नाही, तारखा मात्र माझ्या टिपणांशी ताडून बघतो. फेब्रुवारीच्या मधल्या काही रात्री माझ्याकडे आहेत, तुझ्याकडे बहुधा नसाव्यात. हव्या असतील तर त्याही जोड.

तुझा,
अनिल