वडील आजारी पडले म्हणून मुलाचे वर्ष का जावे? : शालेय शिक्षण मंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अध्ययन अक्षमतेची तपासणी पुढे ढकलल्यामुळे आठवीतील विद्यार्थ्याला परीक्षेच्या सवलती नाकारल्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मागच्या आठवड्यात माझ्या मुलाच्या अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन न जमण्याच्या अडचणीच्या, तपासणीची तारीख होती. कित्येक महिने वाट पाहून मिळालेली ती तारीख, आम्ही बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे असताना, रद्द झाल्याचे सांगण्यात आले. मानसशास्त्रज्ञांना दुसऱ्या कामावर पाठवले होते आणि त्यांच्या जागी कोणी नव्हते. नवी तारीख जून महिन्यातली आहे. मुलाची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आहे. मी शाळेला हे कळवले, तेव्हा मुख्याध्यापकांनी लेखी उत्तर दिले की प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणारा) किंवा प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती यांपैकी काहीही देता येणार नाही. हे पत्र त्या उत्तराच्या दुसऱ्या दिवशी लिहीत आहे.

ही परीक्षा साधी नाही, हे आपल्याला सांगण्याची गरज नसावी, कारण नियम आपल्याच विभागाचा आहे. 2023 च्या बदलानंतर राज्यात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा घेतली जाते, अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि त्यातही तो उत्तीर्ण झाला नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवले जाते. मुलाला वर्गात मागे ठेवणारी यंत्रणा आपण वेळेवर उभी केली. त्याला का येत नाही हे शोधणारी यंत्रणा मात्र जूनमध्ये भेटणार आहे.

आमच्या घरी काय घडले ते आता सांगते, कारण त्याशिवाय माझी तक्रार कळणार नाही. मागच्या पावसाळ्यात माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागातल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, उजवा हात आणि पाय गेला, आणि त्याबरोबर वाचाही गेली. वाचाघात म्हणजे काय, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांना सगळे समजते, माणसे ओळखू येतात, हिशेबाची चूक दिसली तर ते बोट ठेवून दाखवतात, पण हवा तो शब्द तोंडापर्यंत येत नाही आणि आला तर भलताच येतो. आता ते काठीच्या आधाराने घरात चालतात. डावा हात वापरून जेवतात. चार-पाच शब्दांची वाक्ये बोलू लागले आहेत, आणि वाचा-उपचारतज्ज्ञांनी दिलेल्या चित्रांवरून रोज सराव करतात. सुधारणा आहे. तिच्यासाठी त्यांनी जे कष्ट घेतले ते मी जवळून पाहिले आहेत.

पण त्यांच्या आजारपणाने आमच्या मुलाच्या शिक्षणाबद्दल एक गोष्ट उघडी पाडली. तिसरीपासून आठवीच्या सुरुवातीपर्यंत रोज संध्याकाळी हा माणूस मुलाला पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून दाखवत असे. इतिहास, विज्ञान, मराठीचे धडे, अगदी गणितातली शाब्दिक उदाहरणेसुद्धा. मुलगा ऐकायचा, प्रश्न विचारायचा, आणि एकदा ऐकलेले विसरायचा नाही. परीक्षेत त्याचे लेखन अपुरे राहायचे, तरी ऐकलेल्याच्या जोरावर तो कसाबसा तरून जायचा. मी नोकरी करून परत येईपर्यंत दोघांचा अभ्यास झालेला असायचा, आणि मी त्यात समाधान मानत होते. पतींचा आवाज बंद झाला आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेत मुलगा बहुतेक विषयांत नापास झाला.

शाळेने याचे कारण सांगितले ते असे : घरची परिस्थिती. वडिलांच्या आजारपणाने मुलाच्या मनावर परिणाम झाला आहे, त्याला थोडा वेळ द्या, होईल सगळे ठीक. परिणाम झालाच आहे. वडिलांना जमिनीवर पडलेले पाहिलेल्या मुलावर परिणाम होणार नाही तर काय होईल? परंतु ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्याचा गोंधळ दुसरीत होता, तेव्हा त्याचे वडील धडधाकट होते. जोडाक्षर आले की पहिले अक्षर वाचून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देण्याची त्याची सवय चौथीत होती. फळ्यावरून उतरवताना काना, मात्रा, वेलांट्या गळत होत्या आणि त्याच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण आळशी आहे’ अशा अर्थाचा शेरा होता. या मुलाची अडचण वडिलांच्या आजारपणाने निर्माण केलेली नाही. ती आधीपासून होती, आणि शाळेने करायचे काम वडील रोज संध्याकाळी करत होते म्हणून ती झाकलेली राहिली होती.

हे काम शाळेचे होते, असे मी माझ्या मनाने म्हणत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. कलम 16 सांगते की शिक्षणसंस्थेने मुलांमधील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी आणि त्यावर योग्य अध्यापनाचे उपाय करावेत. कलम 17 मध्ये दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणाची तरतूद आहे, आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांचीही आहे. केंद्राने जानेवारी 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तर तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावी, म्हणजे अशी अडचण असू शकणारी मुले ओळखावीत, आणि प्रत्येक शाळेत त्यासाठी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, असे लिहिले होते. माझ्या मुलाच्या शाळेत अशी समिती असल्याचे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

माझा मुलगा 2020-21 मध्ये तिसरीत होता. त्या वर्षी शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर चालत होता. शिक्षक चाळणी कोणाची आणि कशी करणार होते? ते मी समजू शकते. परंतु चौथीत, पाचवीत, सहावीत, सातवीतही कोणी केली नाही, हे मी समजू शकत नाही. त्या एका वर्षात राज्यभर तिसरीत असलेली सगळी मुले आज आठवीत आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना वाचनाची खरी अक्षमता आहे, त्यांना ‘कोरोनात मागे पडलेले’ या एकाच गठ्ठ्यात टाकून आपण मोकळे झालो आहोत. 2028 मध्ये हीच मुले दहावीच्या परीक्षेला बसतील, तेव्हा निकालाच्या टक्केवारीवर चर्चा होईल आणि दोष पुन्हा मुलांना दिला जाईल.

चाळणीसाठी साधने नाहीत, असे कृपया सांगू नये. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्येच भारतीय भाषांतील वाचन-अक्षमतेच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या, आणि त्यांत मराठी आहे. शिक्षकांना शाळेतच मुलांची प्राथमिक तपासणी करता यावी म्हणून एनसीईआरटीने ‘प्रशस्त’ हे अ‍ॅप 2022 मध्ये आणले. महाराष्ट्राने तर दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सवलती देण्यास 1996 मध्येच सुरुवात केली होती, देशात इतरत्र याचे नावही फारसे घेतले जात नव्हते तेव्हा. त्या राज्यात आज एका आईला आठवीतल्या मुलासाठी प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारा माणूस मागत फिरावे लागते.

प्रमाणपत्राबद्दलही दोन शब्द बोलणे भाग आहे. 2017 च्या नियमांनुसार अर्ज आल्यापासून एका महिन्यात दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक होते. ते पाळले जात नव्हते, म्हणून यंत्रणा वाढवण्याऐवजी 2024 च्या दुरुस्तीने मुदतच तीन महिने केली. आमच्या बाबतीत तीही उलटून गेली. यात मुलाला एकदा नेऊन भागत नाही. बुद्ध्यांक चाचणी एका दिवशी, वाचन-लेखनाच्या चाचण्या दुसऱ्या दिवशी, बालरोगतज्ज्ञ, डोळे आणि कान यांची तपासणी आणखी कधी. ज्या घरात दोन धडधाकट पालक आहेत त्यांनाही हे जड जाते. माझ्या घरी सकाळी पतींचे व्यायाम आहेत, दुपारी फिजिओथेरपी, आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार, आणि त्यांना एकटे ठेवून मी बाहेर पडू शकत नाही. माझी हक्काची रजा संपली. आता जी घेते ती बिनपगारी आहे. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक सुधारणा होते, ते वाया घालवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. नेमके तेच महिने मुलाच्या तपासणीच्या रांगेचे आहेत. कोणाची वेळ कोणाला द्यायची, हा निर्णय मी दर सकाळी घेते, आणि जो निर्णय घेते तो दुसऱ्यावर अन्याय करतो.

घरातल्या या दोन अडचणींना शासनाकडे चार दारे आहेत. रुग्णालय सार्वजनिक आरोग्य किंवा वैद्यकीय शिक्षण विभागाचे, शाळा आपली, प्रमाणपत्र आणि ओळखपत्राचा विषय दिव्यांग कल्याण विभागाचा. हा स्वतंत्र विभाग डिसेंबर 2022 मध्ये स्थापन झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण निदान आता विचारायला एक जागा मिळेल असे वाटले. शाळा म्हणते रुग्णालयाला विचारा, रुग्णालय म्हणते मनुष्यबळ नाही, वर विचारा, आणि वर कोण आहे हे कोणी सांगत नाही. पतींच्या उपचारातही हेच. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरच्या 15 दिवसांपर्यंतचा खर्च धरला आहे. पक्षाघाताचा रुग्ण 15 दिवसांत बोलायला आणि चालायला शिकतो, असे कोणत्या वैद्यकाने सांगितले? शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग, खाटा यांसाठी योजना आहे. माणूस घरी आल्यावर त्याला पुन्हा उभे करण्याचे महिनोन् महिने मात्र घरच्यांचे, म्हणजे बहुतेक घरांत एका बाईचे.

शिक्षकांवर माझा राग नाही. मुलाच्या वर्गशिक्षिका सुटीच्या दिवशी घरी येऊन त्याला विज्ञान शिकवून गेल्या आहेत. पण निवडणूक, मतदार याद्या, सर्वेक्षणे, माहिती भरणे यांत त्यांचा किती वेळ जातो, हे त्यांनीच मला सांगितले. विशेष शिक्षकाचे विचारले तर तो अनेक शाळांसाठी एकच असल्याचे कळले. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात प्राथमिक स्तरावर दिव्यांग मुलांसाठी दहामागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरामागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिले. मार्च 2025 मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले की आधी पदे तरी मंजूर करून जाहीर करा. 2025 च्या जूनपर्यंत पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्य ढवळून निघाले, शासन निर्णय निघाले आणि मागेही घेतले गेले. त्या साऱ्या चर्चेत, ज्या मुलाला पहिलीच भाषा वाचता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न मला एकाही व्यासपीठावरून ऐकू आला नाही. शिक्षणावर या राज्यात भांडण खूप होते, पण ते मोठ्यांचे असते.

माझे मागणे मोठे नाही. ज्या विद्यार्थ्याने तपासणीसाठी अर्ज केला आहे आणि ज्याची तारीख शासकीय कारणाने पुढे गेली आहे, त्याला अर्जाच्या पोचपावतीवर तात्पुरत्या सवलती द्याव्यात, असा लेखी आदेश आपण वार्षिक परीक्षेपूर्वी काढावा : ताशी 20 मिनिटे जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती, आणि गरज असेल तर लेखनिक. कायद्याची आडकाठी यात नाही. कलम 17 मध्ये या सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट घातलेली नाही, आणि लेखनाच्या विकाराने त्रस्त असलेल्या एका स्पर्धा-परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी स्पष्ट केले आहे की लेखनिकाची सोय केवळ 40 टक्क्यांवरील दिव्यांगांपुरती मर्यादित ठेवता येत नाही. शाळेच्या आठवीच्या परीक्षेला याहून कडक नियम का असावा?

त्याबरोबर, 2020-21 आणि 2021-22 मध्ये तिसरीत असलेल्या मुलांची राहून गेलेली चाळणी या वर्षी शाळेतच करून घ्यावी, आणि पुढच्या सगळ्या चाचण्या तालुक्याच्या ठिकाणी, सलग एकाच दिवशी होतील अशी सोय आरोग्य विभागाशी बोलून करावी. ज्या घरात पालक अंथरुणाला खिळलेला आहे किंवा नुकताच सावरतो आहे, तिथल्या मुलाला या रांगेत प्राधान्य द्यावे. दोन विभागांच्या सचिवांनी एका टेबलाशी बसून सोडवण्याचा हा प्रश्न आहे.

माझ्या पतींनी काल मुलाचे विज्ञानाचे पुस्तक हातात घेतले आणि एक परिच्छेद वाचायचा प्रयत्न केला. त्यांना बराच वेळ लागला आणि मुलगा शेवटपर्यंत बसून राहिला. या दोघांच्या जिद्दीबद्दल मला शंका नाही, म्हणून कृपया मला धीर धरण्याचा सल्ला, समुपदेशकाचा दूरध्वनी क्रमांक किंवा ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असा संदेश पाठवू नये. मला आदेशाची प्रत हवी आहे, परीक्षेच्या वेळापत्रकाआधी, आणि ती माझ्या एकटीच्या नावाने नको, राज्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या नावाने हवी.

आपली,
आठवीतील एका विद्यार्थ्याची आई