मंडळाच्या एअर हॉकीबद्दल

कणकवली

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या खोलीत एअर हॉकीचं जुनं टेबल आणायचं ठरतंय, उरलेल्या वर्गणीतून 25,000 च्या आत बसवायचंय, हे तुझ्या आईकडून कळलं. तिचं म्हणणं, त्यापेक्षा दोन चांगले कॅरम घ्या. माझी ना नाही. पण पैसे चाळीचे आहेत आणि माझा उभा जन्म लालबागला मोटरी बांधण्यात गेला, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी माप. खोली लांबीला जेमतेम 12 फूट. स्पर्धेचं टेबल 8 फुटांचं असतं. मागे दोन फुटांत उभा राहून खेळणारा भिंतीवर कोपर आपटून घेणार. तेव्हा 6 फुटांच्या वर जाऊच नका. 4 फुटांची खेळण्यातली टेबलंही मिळतात, त्यांना अडॅप्टरवरचा इवलासा पंखा असतो. चाळीच्या पोरांपुढे त्याचा टिकाव लागायचा नाही.

जुनं टेबल बहुधा बंद पडलेल्या गेम झोनमधून येतं. दिवे, स्कोअरबोर्ड, आवाज बघून पोरं भुलतील. त्याला भुलू नका. स्कोअर खडूनेही लिहिता येतो. तुम्ही विकत घेताय ती हवा. 1970 च्या सुमारास अमेरिकेत ब्रन्सविक या बिलियर्डवाल्या कंपनीच्या लोकांनी हा खेळ काढला, तेव्हापासून युक्ती तीच: खालचा ब्लोअर पेटीत हवा कोंबतो, ती बारीक भोकांतून वर येते आणि पक, म्हणजे खेळायची चपटी चकती, त्या हवेवर तरंगतो. ब्लोअर आणि वरचा भोकांचा पाट, बाकी सगळा नट्टापट्टा.

ब्लोअरवरची प्लेट वाचा. 115 व्होल्ट, 60 हर्ट्झ असं काही असेल तर ते अमेरिकेसारख्या विजेसाठी बनवलेलं आहे. आपल्या 230 वर थेट लावलंत तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारांची गुंडाळी, जळेल. विकणारा म्हणेल, ट्रान्सफॉर्मर लावा की झालं. तो व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ, म्हणजे विजेचे सेकंदाला होणारे हेलकावे, बदलत नाही. आपल्या 50 वर तशी मोटर साधारण सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि हवेचा दाब जवळजवळ 30 टक्क्यांनी पडतो. पक जड जातो आणि का ते कोणालाच कळत नाही.

मग ब्लोअर अर्धा तास चालू ठेवायला लावा. विकणारा चुळबुळेल, चुळबुळू दे. वॉर्निश जळल्याचा वास आला तर उठून या. बंद केल्यावर पंखा हळूहळू, आवाज न करता थांबायला हवा. घरघरत चटकन थांबला तर बेअरिंग गेलंय. मोटर नुसती गुणगुणतेय, फिरत नाही, असं असेल तर बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्तात बदलतो. पण हे तिथे बोलू नकोस, भाव पाडून घे.

पाट बघायची युक्ती सोपी आहे. हवा चालू करून पक जागोजागी नुसता ठेवायचा, ढकलायचा नाही. सगळीकडून एकाच बाजूला सरकला तर पाय वरखाली करून भागतं. चारही बाजूंनी मधे येऊ लागला तर पाट खचलाय, फुकट दिला तरी नको. एखाद्याच जागी अडला तर तिथली भोकं धुळीने बुजलीत, टाचणीने उघडतील. ड्रिल मारून मोठी मात्र करू नका, हवा तिथूनच पळते. खालून कडांना हात लावून बघ. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, पावसाळ्यात फुगलं की बिस्किटासारखं सुटतं.

गेम झोनचं मशीन कार्ड घासल्याशिवाय सुरू होत नाही. ते काढून साधा स्विच लावून द्यायचं आधीच कबूल करून घ्या.

पारदर्शक घुमटाखाली दांड्यांनी खेळायची ती दुसरी हॉकी कोणी दाखवली तर मोह आवरा. तिला ब्लोअर नाही हे खरं, पण दांडी वाकली किंवा आतला खेळाडू तुटला की सुटा भाग इथे शोधत फिरावं लागेल.

आणि आणायचा खर्च 25,000 मधूनच धरा. छोटा हत्ती चाळीच्या दारापर्यंत येईल, पुढे जिना आहे. पाय सुटतात, पेटी दुमडत नाही. वळणावर मूर्ती फिरवताना दरवर्षी किती आरडाओरडा होतो ते तुला सांगायला नको. पट्टी घेऊन आधी वळण मोजा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून घ्या. ब्लोअरचा आवाज मिक्सरएवढा नसला तरी सतत असतो. रात्री 10 नंतर बंद, हे त्यांच्यासमोरच कबूल करा.

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर चौकशीला गेलात तर तुझा तो हौशी मित्र मागे ठेव. त्याचा चेहरा बघूनच भाव चढेल.

पावती मंडळाच्या नावाने घे आणि लगेच खजिनदाराकडे दे. टोकन देण्याआधी मोटरच्या प्लेटचा फोटो मला पाठव, अक्षरं नीट वाचता येतील असा.

तुझे,
बाबा