पाला झाडाखालीच राहू द्या

महोदय,

फाल्गुन लागला की नागपुरात पानगळ सुरू होते आणि पहाटे रस्त्याकडेला धूर दिसू लागतो. आमच्या गल्लीतही पाल्याचे ढीग करून काडी लावतात. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली, ५ हजार रुपये दंडही ठरवला. तो भरताना मी तरी कुणाला पाहिलं नाही.

मागच्या वर्षी अंगणातल्या कडुनिंबाखालचा पाला मी उचललाच नाही. ('उकिरडा मांडलाय' हे घरचं मत, ते वेगळं.) मृगाच्या चार सरींनंतर ढीग उपसला. वरची पानं तशीच होती, पण खाली बुरशीची पांढरी जाळी, वेटोळं करून बसलेले वाणी किडे आणि त्याखाली गांडुळांची काळी, रवाळ विष्ठा, अगदी चहापत्तीसारखी. बुरशी आणि जिवाणू पान कुजवतात, गांडूळ ते मातीत कालवतो आणि पानातलं नत्र, स्फुरद पुन्हा मुळांना मिळतं. पाला जाळला तर बहुतेक नत्र हवेत उडून जातं. राखेत पालाश, चुना उरतो, तोही पहिल्या पावसात नालीत!

सेमिनरी हिल्सच्या जंगलात खताची गोणी कोण नेऊन टाकतं? महापालिकेने निदान प्रत्येक बागेत पाल्यासाठी एक खड्डा खणून द्यावा. उन्हाळ्यापूर्वी झाला तर बरं.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर