लेखापाल मॅडम, आपल्या हस्ताक्षरातील त्या चिठ्ठ्यांसाठी

आदरणीय लेखापाल मॅडम,
सादर नमस्कार.

आपल्या निरोप समारंभात विभागप्रमुखांची भाषणे लांबली आणि सफाई कामगारांच्या वतीने कोणाला दोन शब्द बोलता आले नाहीत. आमच्या जादा कामाचा मोबदला आपण हिशेबासह आमच्या हाती पोहोचवलात, त्याबद्दलचे ते राहून गेलेले शब्द आज या पत्रातून सर्वांसमक्ष सांगतो आहे. आपले आणि नगरपरिषदेचे नाव मात्र लिहीत नाही. आपली राज्यसेवेतील बरीच वर्षे अजून बाकी आहेत आणि आम्हाला याच कार्यालयात नोकरी करायची आहे. ज्यांनी ओळखायचे ते ओळखतीलच.

आमचे शहर पालखी मार्गावर आहे. मुक्कामाच्या रात्री आणि दिंड्या पुढे निघाल्यावर पालखीतळ, शाळांची मैदाने, बाजारपेठ आणि नदीकाठ यांची जी अवस्था होते, ती पाहिल्याशिवाय कळायची नाही. चिखलात रुतलेल्या पत्रावळ्या आणि द्रोण हाताने उपसावे लागतात, फावड्याने ते निघत नाहीत. फिरत्या शौचालयांची सफाई रात्रभर चालते. दुपारपर्यंत शहर पूर्ववत झाले पाहिजे, असा आदेश असतो आणि ते होतेही. गणेश विसर्जनाची रात्र आणि पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई हीसुद्धा अशीच कामे आहेत. आठ तासांच्या पाळीत ती मावत नाहीत, हे कार्यालयातील प्रत्येकाला ठाऊक होते. मुकादम या नात्याने मी जादा तासांची नोंद मस्टरच्या, म्हणजे हजेरीपटाच्या, मागच्या पानांवर ठेवत आलो, प्रस्ताव पाठवत आलो, आणि वर्षानुवर्षे एकच शेरा घेऊन ते प्रस्ताव परत येत राहिले: तरतूद उपलब्ध नाही, पुढील अंदाजपत्रकात विचार व्हावा. तो विचार कधीच झाला नाही. मोबदल्याऐवजी बदली रजा घ्या, असे तोंडी सांगितले जाई. पण रजेचा अर्ज दिला की माणसे कमी आहेत म्हणून तो नामंजूर होई.

२०२० च्या टाळेबंदीत सारे शहर दाराआड असताना आमची माणसे रस्त्यावर होती. तेव्हा त्यांना कोरोना योद्धा म्हणून प्रमाणपत्रे मिळाली, शाली मिळाल्या, छायाचित्रे निघाली. त्याच महिन्यांच्या जादा कामाचे बिल मात्र तोच शेरा लागून परत आले. गौरव करणाऱ्यांना आणि शेरा मारणाऱ्यांना या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्याशा वाटल्या नाहीत, याची सल अजून गेलेली नाही.

आपण रुजू झालात, जुने प्रस्ताव मागवून घेतलेत आणि मला बोलावून विचारलेत, "पालखी दरवर्षी येते ना? तिची तिथी पंचांगात आधीच छापलेली असते. मग हा खर्च दरवर्षी अचानक कसा उद्भवतो?" इतका साधा प्रश्न आजवर कोणत्याही लेखा शाखेने विचारला नव्हता.

पैसा नेमका कुठे आटतो, तेही आपणच आम्हाला समजावून सांगितलेत. आमच्याकडे वेतनाचा अंदाज बांधताना चालू महिन्याचा पगार घेऊन त्याला बाराने गुणण्याची पद्धत होती. जुलैमधील वेतनवाढ त्यात धरली जात नसे. महागाई भत्ता जानेवारीपासून आणि जुलैपासून वाढतो, त्याचा आदेश उशिरा निघतो आणि मग मागचा फरक एकदम द्यावा लागतो, हेही धरले जात नसे. त्यातच निवृत्त होणाऱ्यांचे उपदान (ग्रॅच्युइटी) आणि शिल्लक रजेचे रोखीकरण. सातव्या वेतन आयोगाचे तर विचारूच नये. राज्य कर्मचाऱ्यांना तो जानेवारी २०१९ पासून प्रत्यक्ष मिळू लागला, लाभ १ जानेवारी २०१६ पासूनचा आणि थकबाकी पाच हप्त्यांत, असे ठरले होते. आमच्या फरकाच्या हप्त्यांची वाट पाहता पाहता कित्येकजण सेवानिवृत्त झाले. शासनाचे सहायक अनुदान पुरत नाही आणि उरलेली तोंडमिळवणी घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीतून करायची असते. परिणामी वर्ष संपण्याआधीच वेतनाचे शीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात पगारासाठी राखलेली रक्कम, कोरडे पडे. नियमित पगार थांबवता येत नाही, म्हणून पहिली कात्री जादा कामाच्या मोबदल्याला लागे, कारण त्यासाठी ओरडणारे कोणी नव्हते.

आपण प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वेतनवाढीचा महिनावार तक्ता केलात, महागाई भत्त्याच्या दोन्ही वाढी अंदाजाने आधीच धरल्यात आणि आरोग्य विभागाखाली जादा कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडलेत. त्यात किती रक्कम ठेवायची, हे आपण माझ्या मस्टरच्या मागच्या पानांवरून ठरवलेत. ज्या पानांना आजवर कोणी हात लावला नव्हता, ती अंदाजपत्रकाला आधार म्हणून जोडलेली पाहिली, तेव्हा मला काय वाटले ते लिहिता येत नाही. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, पस्तीस टक्क्यांच्या वर जाईल, असा आक्षेप आला. ती मर्यादा नवी पदे भरताना पाहायची असते, करून घेतलेल्या कामाचे पैसे नाकारण्यासाठी नव्हे, असे आपण टिपणीतच नमूद केलेत. पुढे मंजुरी कशी झाली, त्याच्या तपशिलात मी जात नाही.

परंतु मॅडम, पैशाइतकीच किंवा त्याहून अधिक मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. रक्कम खात्यात जमा होण्याच्या आधी एका पहाटे आपण हजेरी शेडवर आलात. रद्दी झालेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर आपण प्रत्येकाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून आणली होती. तिच्यावर नाव, कोणत्या तारखेला किती तास, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिन्याच्या सव्वीस दिवसांनी आणि मग पाळीच्या आठ तासांनी भागून येणारा तासाचा दर, त्याची दुप्पट आणि शेवटी एकूण रक्कम, असा सगळा हिशेब होता. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आपण तो वाचून दाखवलात आणि प्रत्येकाला विचारलेत, "बरोबर आहे का?"

आमच्यातल्या एक ज्येष्ठ ताई दबक्या आवाजात म्हणाल्या की बाजारातला नाला तुंबला त्या रात्रीचे तास यात आलेले नाहीत. आपण पुरावा मागितला नाहीत. माझ्याकडून मस्टर घेतलेत, बाकावर उघडलेत आणि समासात पेन्सिलने केलेली त्या रात्रीची नोंद सापडेपर्यंत पाने चाळत राहिलात. मग चिठ्ठीवरचा आकडा खोडून नवा लिहिलात, शेजारी आद्याक्षरी केलीत आणि त्यांना म्हणालात, "चूक आमची होती, ताई." ती चिठ्ठी त्यांनी शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवली आहे. उभ्या नोकरीत हिशेब बरोबर आहे का, असे त्यांना कोणीही विचारले नव्हते. मिळेल ते घ्यायचे आणि अंगठा उठवायचा, एवढेच त्यांच्या वाट्याला आले होते.

समोरच्या माणसाला त्याचा हिशेब समजण्याचा अधिकार आहे, असे मानणारा अधिकारी सरकारी कार्यालयात क्वचित भेटतो आणि असा एकजण आला की सगळ्या कार्यालयाची बोलण्याची रीत बदलते, हे मी पाहिले आहे. आता लेखा शाखेत आमच्या माणसांना दारातच थांबवले जात नाही. असा चांगुलपणा अंदाजपत्रकात तरतूद करून आणता येत नाही. पण तो तरतुदीवर सही करणाऱ्याच्या मनात असेल, तर कागदावरची रक्कम माणसापर्यंत पोहोचते.

ठेकेदाराकडील कामगारांचाही उल्लेख केलाच पाहिजे. मजुरी बँकेत जमा झाल्याचा पुरावा जोडल्याशिवाय ठेकेदाराचे पुढचे देयक निघणार नाही, अशी शिस्त आपण लावलीत. ठेकेदाराने मजुरी चुकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे नगरपरिषदेवर येते, असे तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलेले होते. ते वाचून त्याप्रमाणे वागणारे आमच्याकडे आपणच पहिल्या.

आपल्या जागी आलेल्या साहेबांना आम्ही ती चिठ्ठी दाखवली. त्यांनी तिच्यावरून छापील नमुना करून घेतला असून यंदाच्या नालेसफाईच्या जादा कामाचे पैसे त्याच नमुन्यासह जूनच्या पगाराबरोबर जमा झाले आहेत. वेतन आयोगाच्या फरकाचा एक हप्ता अद्याप बाकी आहे आणि आपण तयार केलेला तक्ता जोडून त्याचा प्रस्ताव आम्ही पुन्हा सादर केला आहे. आरोग्य विभागातील सर्व कामगार भगिनी व बंधूंच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
एक मुकादम, आरोग्य विभाग