चिनी आरमार मागे फिरले नसते तर

महोदय,

चिनी आरमार मागे फिरले नसते, तर चीनचे सौम्य, व्यापारी सागरी साम्राज्य उभे राहिले असते, असे मांडले जाते. चीनच्या मिंग दरबाराने १४३३ नंतरही आपला आरमारप्रमुख झेंग हे याच्या सागरी मोहिमा चालू ठेवल्या असत्या, तर १४९८ मध्ये कालिकतला आलेल्या वास्को द गामाची गाठ चिनी आरमाराशी पडली असती, ही कल्पना मला अशक्य वाटत नाही. मात्र ते चिनी साम्राज्य निव्वळ व्यापारी आणि सौम्य ठरले असते, हे गृहीतक मुळीच पटत नाही. श्रीलंकेत गॉल येथे सापडलेल्या झेंग हेच्या १४०९ च्या शिलालेखातील चिनी मजकूर बुद्धाला, तमिळ मजकूर विष्णूच्या अवताराला आणि फारसी मजकूर अल्लाहला नजराणे अर्पण करतो. पण त्याच झेंग हेने १४११ मध्ये तिथल्या सत्ताधीशाला कैद करून चीनला नेले. सुमारे २७ हजार माणसांचा ताफा घेऊन येणाऱ्या अशा पाहुण्यांना नकार देणे कालिकतच्या सामुरीला (तिथल्या राजाला) कितपत शक्य झाले असते?

– एक वाचक