वकीलताई, तुम्ही माझ्या आईची अवस ऐकून घेतलीत

आदरणीय ताई,

निकालाच्या दिवशी तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही. तुमच्या पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला, तुम्ही फाईल उचलून आत गेलात आणि आम्ही तिघं जिन्यात उभी राहून नुसती रडत होतो. घरी आल्यावर तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा कागद फाडला. आज लिहून संपवणार आहे. आणि हे सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, कारण दादाला धरलं तेव्हा 'घरफोड्या जेरबंद' म्हणून त्याचा फोटो अख्ख्या तालुक्याने पाहिला होता. तो निर्दोष सुटल्याची ओळसुद्धा कुणी छापली नाही. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही, तुमचंच तसं सांगणं होतं.

आम्ही पारधी. एवढं सांगितलं की पुढचं बऱ्याच लोकांना आपोआप 'कळतं'. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. माझ्या आजोबांचे वडील रोज पोलिसांकडे हजेरी देत. तो कायदा 1952 साली गेला. हजेरी गेली, पण कुठे कुलूप तुटलं की गाडी आमच्या पालावर यायची ती येतच राहिली.

दादाला उचललं 2023 च्या शिमग्याच्या तोंडावर. जानेवारीतल्या एका रात्री दोन ते तीनच्या सुमाराला कुणाच्या तरी घराचं कुलूप तोडून साडेतीन तोळे सोनं गेलं होतं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं 457 आणि 380. रात्री घर फोडून चोरी केली तर 14 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे मला ठाण्याच्या दारात एका शिपायाने सांगितलं आणि माझे पायच गळाले. दादाच्या नावावर त्याआधी एकही गुन्हा नव्हता. आडनाव पुरलं. पुरावा म्हणजे दादाने म्हणे 'स्वखुशीने' झुडपातून काढून दिलेली एक अंगठी. त्याच्या तळपायांना किती दिवस जमीन सोसत नव्हती, ते आईला विचारा.

पहिल्या वकिलाबद्दल थोडं लिहिते, त्याशिवाय तुमचं मोल कळणार नाही. त्यांनी 40,000 रुपये घेतले. दोन शेळ्या, आईचे चांदीचे वाळे आणि बाकीची उसनवारी. जामीन झाला, हे खरं. पण आई त्यांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होती: "साहेब, त्या राती पोरगा ऊस घिऊन साखर कारखान्यावर व्हता. अवसंच्या आदल्या रातीला. आमचं खोंड पडलं गव्हाणीपाशी." त्यावर ते म्हणाले, "अवस-पुनव कोर्टात चालत नाही. तारीख सांगा." आईला तारीख येत नाही. तिला महिना येतो, तिथी येते, बाजाराचा वार येतो. दादा दुसरीनंतर ऊसतोडीला गेला, त्याला स्वतःचं नाव कसंबसं लिहिता येतं. मी एकटी शिकले, आश्रमशाळेत, आणि तेव्हा नर्सिंगच्या कोर्ससाठी जिल्ह्याच्या गावी होते. त्यांचा कारकून चिठ्ठीवर आकडे लिहून द्यायचा आणि आई ती चिठ्ठी घेऊन कोण वाचून दाखवील म्हणून दारोदार फिरायची. एकदा वाचणाऱ्याने 13 ऐवजी 18 सांगितलं. ते दोघं पाच दिवस उशिरा कोर्टात पोचले, तोवर वॉरंट निघालं होतं. दादा पुन्हा आत. वकीलसाहेबांनी फोन उचलणं बंद केलं.

अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. 1987 चा कायदा आहे. वर्षभर हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. ज्यांनी सांगायला हवं होतं ते आमच्याकडून पैसे घेत होते.

मग तुम्ही. असे सरकारी खर्चाचे वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयातून तुम्ही तुरुंगात दादाला भेटलात आणि दुसऱ्या दिवशी आईला बोलावून घेतलंत. मी सुट्टी काढून आले होते. तुमच्या टेबलावर फायलींचा ढीग, वर कुरकुरणारा पंखा, बाहेर माणसं ताटकळलेली. आईने पुन्हा तीच गोष्ट सुरू केली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता याही हसणार, असं वाटलं. तुम्ही हसला नाहीत. पेन खाली ठेवलंत आणि विचारलंत, "मावशी, अवस कुठली? पौषातली की माघातली?"

ताई, त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे.

आई पटकन म्हणाली, "पौषातली. सकाळी खोंडावरनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या मी, अवस व्हती म्हनून." तुम्ही उठून भिंतीवरचं कॅलेंडर चाळलंत, मग कपाटातून मागच्या वर्षाचं शोधून काढलंत. पौष अमावस्येवर बोट ठेवलंत, एक घर मागे सरकवलंत आणि फिर्यादीतली तारीख पाहिलीत. तीच रात्र. तुम्ही काहीच बोलला नाहीत. आईच्या हातावर हात ठेवलात आणि तसाच थोडा वेळ राहू दिलात. वर्षभरात आईला खरं बोलल्याचा मान तेव्हा पहिल्यांदा मिळाला.

पुढचं मी थोडक्यात लिहिते. दोषारोपपत्र, पंच, उलटतपास यातलं निम्मं मला समजलं नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत, हे मात्र तुमच्याकडून शिकले आणि आता तांड्यावरच्या प्रत्येक पोराला सांगते. ऊसतोडीच्या मुकादमाने त्या रात्रीची वजनाची पावती हरवली म्हणून हात वर केले. त्याने आगाऊ दिलेल्या उचलीपोटी आम्ही तीन हंगाम राबलो होतो, तरी. तुम्ही कारखान्याची नोंद कोर्टात मागवलीत. दादाच्या टायरच्या बैलगाडीचं भरलेलं वजन रात्री 1:50 ला आणि रिकामं 3:25 ला. फोडलेलं घर तिथून 80 किलोमीटरवर. वजनकाट्यावरचे कारकून साक्षीला आले. ते म्हणाले, खोंड पडल्यामुळे रांग अडली होती, शिव्या घालत मीच खाली उतरलो होतो, या माणसाला मी ओळखतो. त्यांचा आमचा काय संबंध? एक दिवसाची रजा टाकून, एसटीने येऊन, खरं सांगून ते निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. त्यांचेही आभार इथेच मानते. आणि कैद्यांना कोर्टात आणणाऱ्या कैदी पार्टीतल्या त्या हवालदारांचेही, ज्यांनी दर तारखेला तोंड दुसरीकडे फिरवून आईला दादाच्या तोंडात भाकरीचा घास घालू दिला. अशी माणसं असतात, सगळीकडे असतात. आमच्या वाट्याला ती फार उशिरा आली. माझा त्यांच्यावरचा विश्वास उडत चालला होता, तो तुमच्यामुळे परत आला.

चिठ्ठ्यांचं राहिलंच. त्या पहिल्या दिवशी निघताना तुम्ही पुढची तारीख लिहून दिलीत आणि कागद उलटा करून पेन्सिलीने चंद्र काढलात. अर्धा. "मावशी, अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी. चंद्र असा दिसला की सकाळची पहिली गाडी धरायची." त्यानंतर दर तारखेला तेच. कधी कोर, कधी पूर्ण गोल, एकदा पेन्सिलीने गच्च काळा केलेला गोल. कोर्टात घाई असो, तुमचा घसा बसलेला असो, चंद्र काढल्याशिवाय तुम्ही चिठ्ठी दिली नाहीत. आईने एकही तारीख चुकवली नाही. रात्री पालाबाहेर उभी राहून ती चिठ्ठी आभाळाकडे धरायची आणि जुळवून बघायची. मी नर्स आहे, रोज अडाणी बायांना गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगते. आता गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देते. हे कुठून आलं, ते त्यांना ठाऊक नाही.

आईने सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत. एकूण 14. कमरेच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पानाच्या डब्याशेजारी.

निकाल वाचून झाला तेव्हा आईला 'निर्दोष' हा शब्द कळला नव्हता. दादा पिंजऱ्यातून खाली उतरला तरी ती तुमच्यासमोर सवयीने हात पुढे करून उभी होती, चिठ्ठीसाठी. तुम्ही तो हात दोन्ही हातांत धरलात आणि म्हणालात, "मावशी, आता तारीख नाही."

तुमचीच,
तुमच्या मावशीची धाकटी लेक