ओट्यावरची सावली

पुणे,
१४ नोव्हेंबर

प्रिय मिलिंद,

तू पाठवलेलं फॉल्स सीलिंगचं ड्रॉइंग काल रात्री नीट पाहिलं. फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून लिहितोय. सोमवारी तुझा सीलिंगवाला चॅनल, म्हणजे छताच्या सांगाड्याच्या पत्र्याच्या पट्ट्या, मारायला लागेल, त्याच्या आत हे वाच.

किचनमध्ये चार लाइट, बरोबर चौकोनात. कागदावर छान दिसतंय, पण आमच्याकडे अगदी असंच होतं. चारही लाइट ओट्याच्या कडेपासून दीड-दोन फूट मागे. आई ओट्याशी उभी राहिली की उजेड तिच्या पाठीवर आणि तिच्या डोक्याची सावली नेमकी सुरीवर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचे दिवस ते. मिरच्या चिरताना तिचं बोट कापलं, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या जागी जाऊन उभा राहिलो. चॉपिंग बोर्डवर माझ्या डोक्याचा काळा गोल पडला होता. चार वर्षं ती त्या अंधारात भाजी चिरत होती, आणि मला पत्ता नव्हता. अजून मनाला लागतं ते.

तुझा ओटा दोन फुटांचा आहे ना? मग लाइटचा मध्य भिंतीपासून वीस-बावीस इंचांवर घे, म्हणजे उजेड हातांवर पडेल. वरची कपाटं बारा इंच पुढे येतात, ती आड येत नाहीत. कपाटांखाली एलईडी पट्टी टाकलीस तर फारच उत्तम.

हॉलमध्ये छत नऊ फुटांवर येतंय, तेव्हा भिंतीपासून अडीच फूट आणि दोन लाइटमध्ये साडेचार-पाच फूट पुरे. मात्र पंख्याकडे लक्ष दे. आपला नेहमीचा १२०० मिलिमीटरचा पंखा मध्यापासून दोन फूट फिरतो. त्या गोलात किंवा अगदी कडेला लाइट आला, तर पाती उजेड कापत राहतात आणि खोलीभर लपलप होते. पंख्याच्या मध्यापासून निदान साडेतीन फूट लांब राहा. ड्रॉइंगमधले मधले दोन लाइट तिथंच अडकतायत, ते काढूनच टाक.

बेडरूममध्ये उशीच्या वर एकही नको, आडवं पडलं की थेट डोळ्यांत जातो. तिथं ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे घे, किचनला ४०००. आकडा वाढेल तसा उजेड पांढरा होत जातो; पांढराफटक ६५०० कुठंच नको. आणि सगळे लाइट एका बटणावर ठेवू नकोस. ओट्याचे वेगळे, हॉलच्या कडेचे वेगळे.

लाइट आधी विकत आण, छतात पाडायच्या भोकाचं माप त्यावरूनच दे. खोल सीओबी लाइटला (एकाच चिपवर दाटीने बसवलेले एलईडी) वर तीन-चार इंच जागा लागते आणि तुझ्या हॉलमधून बीम जातोय, त्याखाली तेवढी जागा उरते का बघ. छताचे बोर्ड बंद व्हायच्या आधी चॅनलचे आणि वायरींचे फोटो काढून ठेव, मापाची टेप शेजारी धरून. आम्ही काढले नाहीत, म्हणून ओट्यावरचे लाइट पुढे सरकवताना दोनदा भोक चॅनलवरच आलं.

रविवारी मी टेप, ओळंबा आणि खडू घेऊन येतो. छताकडे न बघता आधी जमिनीवर खुणा करू, मग ओळंब्याने वर नेऊ. काकूंना एवढं विचारून ठेव, की नव्या घरात पोथी वाचायला त्या कुठं बसणार. साठीनंतर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, उजेड जास्त लागतो. पहिली खूण त्यांच्या खुर्चीची करू.

तुझा,
अविनाश